खनिज तेलाच्या जाती आणि त्यांचे शुद्धीकरण

वृत्तपत्रांत जवळजवळ रोज खनिज तेलाचा भाव प्रसिद्ध होतो. कच्चे तेल पिंपामागे इतके डॉलर, अशी ती एका ओळीची बातमी असते. ती वाचून सर्वसामान्य वाचकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, कच्चे तेल ही एकजिनसी वस्तू असून ती कोठूनही घेतली तरी सारखीच. वस्तुस्थिती तशी नाही. ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी, दगडी वेगळी आणि संकरित वेगळी. तिचे पीठ वेगळे, भाकरी वेगळी आणि बाजारातील भावही वेगळा. खनिज तेलाचे तसेच आहे. जगात कच्च्या तेलाच्या शेकडो जाती आहेत. एका विहिरीचे तेल पाण्यासारखे पातळ व पिवळसर असते, तर दुसऱ्या विहिरीचे काकवीसारखे दाट व काळेभोर. एखादे तेल थंडीत गोठून मेणासारखे घट्ट बसते, तर एखाद्याचा दर्प सहन होत नाही.

हा भेद केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा विषय नाही. गावाच्या रस्त्यावर पडणारे डांबर, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधील डिझेल, स्वयंपाकघरातील गॅस, शहरातील हवेची शुद्धता आणि देशाच्या तिजोरीतील परकीय चलन या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल अलीकडच्या वर्षांत परदेशांतून येत आहे. अशा देशाने कोणते तेल घ्यावे आणि ते पचविण्याची कोणती ताकद आपल्या कारखान्यांत असावी, हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

तेलाचे घटक

खनिज तेल हे एक द्रव्य नसून शेकडो द्रव्यांचे मिश्रण आहे. प्राचीन समुद्रांत राहणारे सूक्ष्म जीव तळाशी गाळात गाडले गेले. कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने त्यांचे तेल व वायू यांत रूपांतर झाले. या तेलात वजनाने सुमारे ८३ ते ८७ टक्के कार्बन आणि ११ ते १४ टक्के हायड्रोजन असतो. उरलेल्या भागात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि व्हॅनेडियम, निकेल यांसारख्या धातूंचे अंश असतात. कार्बनचे अणू लहान साखळ्यांत गुंफलेले असले तर द्रव्य हलके व लवकर वाफ होणारे असते. साखळ्या लांब आणि गुंतागुंतीच्या असल्या तर ते जड, दाट व उशिरा उकळणारे असते. प्रत्येक तेलक्षेत्राचा खडक, त्याची खोली, तेथील उष्णता आणि मूळ जीवांचा प्रकार निरनिराळा असल्यामुळे या साखळ्यांचे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही. तेलाच्या जाती पडतात त्या यामुळेच.

व्यवहारात ही जात तीन गोष्टींवरून ओळखली जाते. तेल हलके आहे की जड, त्यात गंधक किती आहे आणि त्याचा पाया मेणाचा आहे की डांबराचा, या त्या तीन गोष्टी होत.

हलके आणि जड

तेलाचा हलकेपणा मोजण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरविलेले अंश जगभर वापरले जातात. त्यांना एपीआय अंश म्हणतात. या मोजपट्टीवर पाण्याला १० अंश मिळतात आणि अंश जितके अधिक तितके तेल हलके, असा हिशेब आहे. सर्वसाधारणपणे ३१ अंशांच्या वरचे तेल हलके, २२ ते ३१ अंशांमधील मध्यम आणि त्याखालचे जड समजले जाते.

मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात मिळणारे मुंबई हायचे तेल सुमारे ३९ अंशांचे, म्हणजे चांगलेच हलके आहे. उत्तर समुद्रातील ब्रेंट तेल, ज्याचा भाव बातम्यांत विशेषेकरून येतो, ते सुमारे ३८ अंशांचे आहे. सौदी अरेबियाचे 'अरब लाइट' सुमारे ३३ अंशांचे, तर त्याच देशाचे 'अरब हेवी' २७-२८ अंशांचे असते. मेक्सिकोचे 'माया' तेल २२ अंशांच्या आसपास येते. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील अतिजड तेल तर ८ ते १० अंशांचे, म्हणजे पाण्याइतके किंवा पाण्याहूनही जड असते. ते नळातून वाहावे म्हणून त्यात नॅफ्थ्यासारखे पातळ द्रव्य मिसळावे लागते. एकाच देशात निरनिराळ्या जातींचे तेल निघते, हेही या उदाहरणांवरून ध्यानात येईल.

गोड आणि आंबट

दुसरी कसोटी गंधकाची. तेलव्यवसायात कमी गंधकाच्या तेलाला 'गोड' आणि अधिक गंधकाच्या तेलाला 'आंबट' म्हणण्याचा प्रघात आहे. आरंभीच्या काळात तेल शोधणारे लोक जिभेने व नाकाने तेलाची परीक्षा करीत, त्यावरून ही नावे पडली असे सांगतात. साधारणतः अर्ध्या टक्क्याहून कमी गंधक असेल तर तेल गोड समजले जाते. मुंबई हायच्या तेलात गंधकाचे प्रमाण ०.२ टक्क्याहूनही कमी आहे. ब्रेंटमध्ये ते सुमारे ०.४ टक्के, अरब लाइटमध्ये पावणेदोन ते दोन टक्के, अरब हेवीमध्ये पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आणि मायामध्ये तीन टक्क्यांहून अधिक असते.

टक्केवारीत हे आकडे लहान दिसतात. तथापि एक लाख टन तेल आणणाऱ्या जहाजाचा विचार केला म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. मुंबई हायच्या एक लाख टन तेलात दोनशे टनांहून कमी गंधक असेल, तर अरब हेवीच्या तेवढ्याच तेलात सुमारे पावणेतीन हजार टन गंधक असेल. हे गंधक काढले नाही तर ते कारखान्यातील नळ व पात्रे कुरतडते, इंजिने खराब करते आणि जळल्यानंतर सल्फर डायॉक्साइडच्या रूपाने हवेत मिसळते.

गंधकाच्या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे. १८८५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात लिमा येथे विपुल तेल सापडले. त्या काळी तेलाचा मुख्य उपयोग दिव्यांसाठी रॉकेल काढण्याकरिता होत असे. लिमाच्या तेलाचे रॉकेल दिव्यात घातले की घरभर दुर्गंधी सुटे आणि काचा काजळीने माखत. तेल मुबलक असूनही त्याला गिऱ्हाईक नव्हते. हर्मन फ्राश या रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्या ऑक्साइडचा उपयोग करून त्यातील गंधक वेगळे काढण्याची रीत बसविली आणि टाकाऊ ठरलेले तेल एकाएकी मोलाचे झाले. हे तेल शुद्ध करण्यासाठी स्टँडर्ड ऑइल कंपनीने १८८९ साली व्हायटिंग येथे मोठा कारखाना उभारण्यास सुरुवात केली. तेल तेच राहिले. कारखान्याची विद्या वाढली आणि तेलाची किंमत बदलली. खनिज तेलाच्या पुढील सर्व इतिहासाचे सार या एका प्रसंगात सामावलेले आहे.

मेणाचे तेल, डांबराचे तेल

तिसरी कसोटी तेलाच्या पायाची. काही तेले मेणप्रधान, तर काही डांबरप्रधान असतात. आसामातील दिग्बोई येथे १९०१ साली देशातील पहिला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेथील तेलात मेण भरपूर असल्याने मेणबत्त्यांसाठी लागणारे पॅराफिन मेण हे त्या कारखान्याचे नावाजलेले उत्पादन ठरले. राजस्थानातील बारमेर जिल्ह्यात मंगला हे तेलक्षेत्र २००४ साली सापडले व २००९ साली तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील तेल इतके मेणयुक्त आहे की सामान्य तापमानाला ते वाहतच नाही. म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्याकडे नेणारी सहाशे किलोमीटरहून अधिक लांबीची नळवाहिनी संपूर्ण मार्गावर गरम ठेवावी लागते आणि आतील तेल ६५ अंश सेल्सियसच्या आसपास राखले जाते. वाळवंटात सापडलेले तेल उपयोगात आणण्यासाठी उष्णतेची एवढी तजवीज करावी लागली, ती केवळ त्या तेलाच्या जातीमुळे.

मुंबई हायचे तेल हलके व गोड असले तरी त्यातही मेणाचा अंश बराच आहे. त्याचा तळाचा जड भाग थंड झाला की गोठतो. कमी गंधकाचे हे जड इंधन साठविताना व नेताना टाक्या आणि नळ गरम ठेवावे लागतात. उलट, पश्चिम आशियातील अनेक तेलांचा तळाचा भाग डांबरयुक्त असतो. तो रस्त्यांच्या डांबरासाठी उत्तम. मेणयुक्त तळापासून मात्र चांगले डांबर बनत नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. हलके व गोड तेल उत्तम आणि जड व आंबट तेल कनिष्ठ, असे सरसकट म्हणता येत नाही. पेट्रोल व डिझेल अधिक हवे असेल तर हलके तेल सोयीचे. डांबर हवे असेल तर योग्य जातीचे जड तेलच लागते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत डांबरी रस्ता होतो, त्या डांबराचा उगम बहुधा अशाच एखाद्या जड व आंबट तेलात असतो.

शुद्धीकरणाची पहिली पायरी

कच्चे तेल जसेच्या तसे कोठेही वापरता येत नाही. कारखान्यात आल्यावर प्रथम त्यातील पाणी व क्षार काढून टाकतात. क्षार राहिले तर तापल्यावर त्यांपासून आम्ल तयार होऊन यंत्रे गंजतात. नंतर तेल भट्टीत सुमारे ३५० ते ३७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. तेथे त्याचे ऊर्ध्वपातन होते. मनोरा तळाशी अतिशय गरम आणि वर क्रमाक्रमाने थंड असतो. जो घटक ज्या तापमानाला द्रवरूप होतो, तो त्या उंचीवरील ताटात साचतो. सर्वांत वर वायू निघतात, त्यांपैकी काहींचा स्वयंपाकाचा गॅस होतो. त्याखाली नॅफ्था व पेट्रोलचा भाग, सुमारे १५० ते २५० अंशांच्या टप्प्यात रॉकेल व विमानाचे इंधन, २५० ते ३५० अंशांच्या टप्प्यात डिझेल आणि तळाशी न उकळलेला काळा जड भाग राहतो.

साखर कारखान्यांच्या परिसरातील लोकांना ही गोष्ट उसाच्या उदाहरणाने चटकन कळेल. एकाच वजनाचा ऊस दोन शेतांतून आला तरी साखरेचा उतारा सारखा पडत नाही आणि उसाचा दर उताऱ्याशी निगडित असतो. कच्च्या तेलाचाही असाच उतारा असतो. मुंबई हायसारख्या हलक्या तेलातून या पहिल्या मनोऱ्यातच सुमारे दोन-तृतीयांश भाग उपयुक्त हलक्या पदार्थांच्या रूपाने हाती येतो. अरब हेवीसारख्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग तळाशी उरतो. जुन्या पद्धतीच्या साध्या कारखान्यात हा तळ भट्टीचे तेल म्हणून स्वस्तात विकावा लागे. म्हणूनच जड तेल स्वस्त आणि हलके तेल महाग, असा बाजाराचा सर्वसाधारण नियम झाला.

तळाचे सोने

आधुनिक तेलशुद्धीकरणाचे खरे कौशल्य या तळाच्या भागापासून अधिक मोलाचे पदार्थ काढण्यात आहे. ३७० अंशांपलीकडे तेल तापविले तर त्याचे रेणू अनियंत्रितपणे तुटू लागतात आणि नळांत कोळसा साचतो. यावर उपाय म्हणून तळाचा भाग दुसऱ्या मनोऱ्यात हवेचा दाब अतिशय कमी करून उकळवितात. उंच पर्वतावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, त्याच तत्त्वाचा हा उपयोग होय. या निर्वात मनोऱ्यातून वंगण तेलाला उपयुक्त असे भाग आणि पुढील प्रक्रियेसाठी जड तेल मिळते.

पुढची पायरी भंजनाची. लांब साखळ्यांचे रेणू तोडून त्यांपासून लहान साखळ्यांचे पेट्रोल, डिझेल व गॅस तयार करणे म्हणजे भंजन. बारीक भुकटीच्या स्वरूपातील उत्प्रेरकाच्या साहाय्याने सुमारे ५०० अंशांना हे काम करण्याची पद्धत अमेरिकेत १९४२ साली व्यापारी प्रमाणावर सुरू झाली व पुढे ती जगभर पसरली. स्वयंपाकाच्या गॅसचे प्रमाण वाढण्यास या पद्धतीचा मोठा हातभार लागतो, कारण कच्च्या तेलात मुळात हा गॅस फार थोडा असतो. दुसऱ्या पद्धतीत शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली हायड्रोजन मिसळून भंजन करतात. त्यातून उत्कृष्ट प्रतीचे डिझेल मिळते. सर्वांत जड भागासाठी कोकनिर्मितीची पद्धत आहे. तीत तळाचा भाग तीव्र उष्णतेने तोडून हलके पदार्थ वेगळे करतात आणि मागे दगडी कोळशासारखा पेट्रोलियम कोक उरतो.

या प्रत्येक सोयीला मोठे भांडवल लागते. जड तेलातील व्हॅनेडियम व निकेल हे धातू उत्प्रेरकाला निकामी करतात, त्यामुळे त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. तेल स्वस्त घ्यावयाचे तर कारखाना महाग बांधावा लागतो आणि कारखाना साधा ठेवावयाचा तर तेल महाग घ्यावे लागते. तेलशुद्धीकरणाच्या अर्थकारणाचा हा मूळ पेच आहे.

गंधकाचा बंदोबस्त

गंधक काढण्यासाठी तेलाचे निरनिराळे भाग तापवून, दाबाखाली, उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनशी संयोगित केले जातात. गंधक हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने बाहेर पडते आणि नंतर त्या वायूपासून पिवळे शुद्ध गंधक मिळविले जाते. जगाला लागणाऱ्या गंधकाचा मोठा हिस्सा आज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शुद्धीकरणातूनच येतो. हेच गंधक सल्फ्युरिक आम्लाच्या रूपाने सुपर फॉस्फेट खताला लागते, साखर कारखान्यांत उसाचा रस निवळण्यासाठी वापरले जाते आणि द्राक्षबागांतील भुरी रोगावर फवारले व धुरळले जाते. जे द्रव्य हवेत गेले असता श्वासाला अपाय करते, तेच वेळीच वेगळे काढले तर शेतीच्या उपयोगी पडते.

भारतातील डिझेलमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. टप्प्याटप्प्याने ही मर्यादा खाली आणण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकानुसार ती दहा लाख भागांत केवळ दहा भाग इतकी आहे. सुमारे तीन दशकांत गंधकाची मर्यादा एक हजारांशावर आली. कच्चे तेल आंबट असताना हे साध्य करावयाचे म्हणजे प्रत्येक कारखान्यात हायड्रोजन तयार करण्याची व गंधक काढण्याची नवी यंत्रसामग्री बसविणे भाग होते. नव्या वाहनांच्या धुराड्यांतील शुद्धीकरण साधनेही गंधकामुळे बिघडतात. त्यामुळे इंधन आणि वाहन या दोहोंची सुधारणा बरोबरीने करावी लागली. मुंबईतील ट्रॉम्बे-माहूलचे कारखाने दाट लोकवस्तीशेजारी उभे आहेत. तेथे गंधकाचा प्रश्न हा यंत्राचा जितका, तितकाच नागरिकांच्या श्वासाचाही आहे.

मुंबई हायचा धडा

तेल आणि कारखाना यांचा मेळ किती महत्त्वाचा असतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच घडले. ट्रॉम्बे येथे १९५४ साली स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा-शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर त्यांपैकी पहिला हिंदुस्थान पेट्रोलियमकडे व दुसरा भारत पेट्रोलियमकडे आला. त्या काळी देशात तेल फार थोडे निघत असल्याने हे कारखाने पश्चिम आशियातून येणारे तेल डोळ्यांसमोर ठेवून बांधले गेले होते. मद्रास येथील १९६९ सालचा कारखानाही इराणच्या दारियस क्षेत्रातील तेलासाठी आखलेला होता.

पुढे तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट' या जहाजाने केलेल्या खोदाईतून फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ साली समुद्रतळावरील नळवाहिनीने ते उरणच्या किनाऱ्यावर आले. अरब-इस्रायल युद्धानंतर १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झालेले असताना हा शोध देशाला वरदान ठरला. १९८० च्या दशकाच्या मध्यास देशाची तेलाची सुमारे दोन-तृतीयांश गरज देशातच भागू लागली.

परंतु घरचे तेल मिळाले म्हणून ते लगेच सर्व कारखान्यांत घालता येईल, अशी स्थिती नव्हती. हलक्या तेलात वरच्या ताटांतील वाफेचे प्रमाण अधिक, तळाचा भाग कमी, शिवाय मेणाचा त्रास. जड तेलासाठी आखलेल्या मनोऱ्याचा वरचा भाग अशा वेळी अपुरा पडतो, तर खालची वंगण व डांबराची यंत्रे रिकामी राहतात. यंत्रसामग्रीत आवश्यक ते बदल व विस्तार पूर्ण होईपर्यंत, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, मुंबई हायचे काही तेल परदेशी विकावे लागले. तेलाची निकड असलेल्या देशाने आपले चांगले तेल निर्यात करावे आणि दुसऱ्या जातीचे आयात करावे, हे वरकरणी विपरीत दिसते. तेलाच्या जाती समजून घेतल्या म्हणजे त्यातील कारण उलगडते. आजही मुंबईच्या कारखान्यांना डांबर व वंगण तेलासाठी पश्चिम आशियातील तेल आणावे लागते.

हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या मेक्सिको आखातालगतच्या कारखान्यांनी मोठा खर्च करून मेक्सिको, व्हेनेझुएला व कॅनडा येथील जड तेल पचविण्याची सोय केली. त्यानंतर २०१० च्या सुमारास त्या देशातच शेल खडकातून हलक्या गोड तेलाचा ओघ सुरू झाला. परिणामी डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेला कच्च्या तेलाच्या निर्यातीवरील जुनी बंदी उठवावी लागली. आज तो देश हलके तेल विकतो आणि जड तेल विकत घेतो.

सर्व जातींना सामावणारे कारखाने

या अनुभवातून भारतातील तेलशुद्धीकरणाची दिशा ठरत गेली. बिहारमधील बरौनी येथील कारखाना १९६४ साली आसामच्या गोड तेलासाठी उभारला होता. ते तेल अपुरे पडू लागल्यावर तेथे आयात तेल आणण्याची व पुढे आंबट तेलही शुद्ध करण्याची व्यवस्था करण्यात आली. गुजरातमधील जामनगर येथे खाजगी क्षेत्रात १९९९ साली एक व २००८ साली दुसरा कारखाना सुरू झाला. एकाच ठिकाणी असलेले जगातील सर्वांत मोठे शुद्धीकरण संकुल म्हणून ते ओळखले जाते आणि जड, आंबट, स्वस्त तेलापासून उच्च प्रतीचे इंधन काढणे हा त्याच्या रचनेचा पायाच आहे. देशाची एकूण शुद्धीकरणक्षमता आता वर्षाला २५ कोटी टनांहून अधिक आहे.

भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव काढताना गोड तेलासाठी ब्रेंट आणि आंबट तेलासाठी ओमान व दुबई यांचे भाव धरतात. या हिशेबात आंबट तेलाचा वाटा तीन-चतुर्थांशाहून अधिक आहे. आंबट तेल पचविण्याची ताकद ही आता देशाची गरज आहे, हे यावरून दिसून येते. भारत वर्षाला २० कोटी टनांहून अधिक, म्हणजे दीडशे कोटी पिंपांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल मावते. पिंपामागे एकच डॉलर वाचला तरी वर्षाला दीडशे कोटी डॉलरांहून अधिक परकीय चलन वाचते.

२०२२ साली या तयारीची कसोटी लागली. युक्रेनमधील युद्धानंतर रशियाचे तेल युरोपने नाकारले व ते सवलतीच्या भावात उपलब्ध झाले. त्यापूर्वी भारताच्या आयातीत रशियाचा वाटा अगदी नगण्य होता. २०२३ साली तो एक-तृतीयांशाहून अधिक झाला. रशियाचे 'उराल' तेल मध्यम जड व आंबट असते. पश्चिम आशियातील तशाच तेलाची सवय असलेल्या भारतीय कारखान्यांनी ते फारशा अडचणीविना सामावून घेतले. राजकीय निर्णय काही आठवड्यांत बदलू शकतात. कारखान्याची ताकद वाढविण्यास वर्षे लागतात. ती ताकद आधी असल्याशिवाय संधी समोर येऊनही तिचा लाभ घेता येत नाही.

समारोप

खनिज तेल ही निसर्गाची देणगी असली तरी तिचे मोल माणसाच्या विद्येने ठरते. लिमाचे दुर्गंधीयुक्त तेल फ्राशच्या प्रक्रियेने उपयोगी ठरले, बारमेरचे गोठणारे तेल गरम नळवाहिनीने किनाऱ्याला लागले आणि पश्चिम आशियातील आंबट तेलापासून आज जवळजवळ गंधकरहित डिझेल तयार होते. त्याबरोबरच हेही विसरता येत नाही की यातील प्रत्येक पायरीवर इंधन, पाणी, हायड्रोजन आणि भांडवल खर्च होते. पंपावर मिळणाऱ्या एका लिटर डिझेलमागे हा सारा व्याप उभा असतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना ऊर्ध्वपातनाचा पाठ शिकविताना मुंबई हाय आणि ट्रॉम्बेचे उदाहरण घेता येईल. ते पुस्तकातील आकृतीपेक्षा विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचे आहे. इंधनपुरवठ्याशी संबंधित अधिकाऱ्यांना भावाच्या चढउतारामागील एक कारण यातून उमगेल. पंचायतींच्या सदस्यांनी ध्यानी घ्यावे असे की, शेतीपंपाची निगा राखून वाचविलेले डिझेल आणि गोबर गॅस किंवा सौर पंप यांनी टाळलेला खर्च हा केवळ गावाचा लाभ नसतो. परदेशातून आणलेले, अनेक प्रक्रियांतून शुद्ध केलेले आणि परकीय चलनाने विकत घेतलेले तेल तेवढ्या प्रमाणात देशासाठी शिल्लक राहते. तेलाची जात निवडणे आणि त्याला साजेसे कारखाने उभारणे हे शासनाचे व तंत्रज्ञांचे काम आहे. ते काटकसरीने वापरणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.